सायकल येते, पण या शहरात येत नाही

ताई,
सात महिन्यांपूर्वी आम्ही नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला राहायला आलो. घर लाइडशे राइन भागात आहे. नवरा आयटीत, मुलगी साडेसात वर्षांची. निघण्याआधी सगळ्यांनी सांगितलं होतं, तिथे सायकलशिवाय पान हलत नाही. मी म्हटलं, त्यात काय, मला येते की. दहावीपर्यंत शाळेत सायकलनंच जायचे.

आल्यावर नवऱ्यानं कुणाकडून तरी जुनी, उंच, काळी सायकल घेतली. माझी उंची पाच फूट. सीटवर बसले की पायाची बोटं जेमतेम टेकतात. तिसऱ्याच दिवशी मुलीच्या शाळेजवळच्या चौकात वळताना सायकल जागच्या जागी थांबली आणि मी आडवी झाले. का थांबली ते मला अजून कळलेलं नाही. एक बाई आपली सायकल सोडून धावत आली, मला उठवलं, काहीतरी म्हणाली. मला एक शब्द समजला नाही. बाकीच्या आया बघत होत्या. मनगट सुजलं होतं, ते बरं झालं. सायकल तेव्हापासून शेडमध्ये आहे.

आता किराणा आणायला मी नवऱ्याच्या मागे कॅरिअरवर बसून जाते आणि मुलगी तिच्या छोट्या सायकलवर. परवा ती म्हणाली, "आई, सगळ्यांच्या आया सायकलवर येतात, तू का नाही?" दर रविवारी नवरा म्हणतो, चल, प्रॅक्टिस करू. तो पुढे निघतो, मी मागे. तो वळून वळून बघतो आणि मी आणखीच घाबरते. मागून घंटी वाजली की हात थरथरतात. डच शिकायचंय, गावातल्या मोठ्या लायब्ररीत जायचंय, पण सगळं 'सायकल आली की मग' यावर अडून बसलंय. ३६ व्या वर्षी पुन्हा हट्टानं सायकल शिकावी, की बसचा पास काढून गप्प बसावं?
— शेडमधली सायकल

*

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले: 'का थांबली ते मला अजून कळलेलं नाही.' तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या मनातली निम्मी भीती त्या न कळण्याची आहे.

वळताना तुमचा पाय उलटा फिरला. लहानपणी आपण ज्या सायकली चालवल्या, त्यांचं पायडल उलटं फिरवलं तर काहीच होत नाही. चेन मोकळी सरकते, मागून फ्रीव्हीलची कटकट ऐकू येते, बस. वळणावर वेग कमी झाला की आपण अर्धं पायडल उलटं मारतो. निघतानाही पायाच्या बोटानं पायडल उलटं ओढून वर आणतो आणि मग त्यावर भार देतो. हे कुणी शिकवलेलं नसतं, पाय आपोआप करतात. पण इथल्या जुन्या, उंच, काळ्या सायकलींना बऱ्याचदा हँडलवर ब्रेकच नसतो. ब्रेक मागच्या चाकाच्या हबच्या आत असतो आणि पायडल उलटं दाबलं की लागतो. डच भाषेत त्याला 'तेरुखट्रापरेम' म्हणतात, म्हणजे मागे पाय दाबून लावायचा ब्रेक. तुम्ही सवयीनं पाय उलटा फिरवला आणि सायकलनं तो ब्रेक समजून चाक धरलं. वेग नाही, हँडल वळलेलं, सीट उंच, पाय टेकेना. अशा वेळी कुणीही आडवंच होणार.

आत्ताच शेडमध्ये जाऊन खात्री करून घ्या. सीट धरून मागचं चाक जमिनीपासून थोडं उचला आणि हातानं पायडल उलटं फिरवा. थोडंसं फिरून ते घट्ट अडलं, तर कारण हेच. मीही इथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अशाच सायकलवरून पडले होते. ब्रेक कुठे आहे हे मला शेजारच्या आजोबांनी असंच चाक उचलून दाखवलं, आणि ते पाहिल्यावर छातीवरचं मोठं ओझं उतरलं. तोवर मला वाटत होतं की माझा तोलच गेला आहे, वय झालं आहे, आता हे जमणार नाही. तुम्हालाही तसंच वाटत असणार, म्हणून स्पष्ट लिहिते: तुम्ही सायकल विसरलेल्या नाही. तुमचे पाय एक सायकल चालवत होते आणि तुम्ही बसला होता दुसऱ्याच सायकलवर.

ही सायकल तुमच्यासाठी नाही. ती विकून टाका किंवा देऊन टाका. असा ब्रेक पुढे सवयीचा होतो, अनेकांना तोच आवडतो, कारण तारा नाहीत आणि पावसात बिघडण्यासारखंही फारसं काही नाही. पण धीर गेलेला असताना पायांना नवी भाषा शिकवू नका. फीट्सनमाकर, म्हणजे सायकल दुरुस्तीवाल्याकडे जा आणि दोन्ही ब्रेक हातात असलेली, लहान फ्रेमची, मधला दांडा खाली उतरलेली जुनी सायकल मागा. इथली माणसं उंच, त्यामुळे मोठ्यांच्या सायकली आपल्याला मोठ्या होतात. मोठ्या मुलांसाठीची २६ इंची चाकांची सायकलही चालेल, त्यात कमीपणा नाही. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. पुढे हात बसला की सीट वर घ्या, कारण इतक्या खालच्या सीटवर रोज चालवलं तर गुडघे दुखतात. सायकल ढकलत चालताना एकेक ब्रेक दाबून पाहा: कोणता पुढच्या चाकाचा, कोणता मागच्या. ही ओळख बसण्याआधी व्हायला हवी.

रस्त्यात कुणी फार स्वस्तात सायकल देऊ केली तर घेऊ नका. चोरीची सायकल विकत घेणं हा इथे गुन्हा आहे, आणि ज्याची गेली त्याचं दुःख वेगळंच. फ्रेमवर कोरलेला नंबर आरडीडब्ल्यू या वाहननोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की चोरीची नोंद आहे का ते कळतं. मागच्या चाकाचं गोल कुलूप आणि शिवाय फ्रेम खांबाला बांधणारी जाड साखळी, अशी दोन कुलपं लावायची. विकत घ्यायचं मन होत नसेल तर महिन्याच्या भाड्यानं सायकल मिळते, दुरुस्तीही त्यांच्याकडेच. पुढचं टायर निळं असलेल्या सायकली रस्त्यावर दिसतात ना, त्या तशाच.

आता रविवारच्या प्रॅक्टिसबद्दल. यात चूक तुमची नाही आणि तुमच्या नवऱ्याचीही नाही, पण पद्धत चुकते आहे. तो पुढे असतो तेव्हा वेग त्याचा असतो. तुमचं सगळं लक्ष त्याच्या पाठीवर, अंतर वाढतंय का यावर. चौकात तो पार होतो आणि तुम्ही अलीकडे राहता, मग घाईनं निघता. त्यात तो वळून पाहतो म्हणजे तुम्हाला वाटतं, आपली परीक्षा चालू आहे. त्याला हा परिच्छेद वाचायला द्या. नेदरलँड्समध्ये दोन सायकलस्वारांना शेजारी शेजारी चालवायला कायद्यानं परवानगी आहे. तेव्हा त्यानं तुमच्या डाव्या हाताला, बरोबरीनं चालवायचं. वाहतूक इथे उजवीकडून, म्हणून रस्त्याच्या बाजूला तो आणि कडेला तुम्ही. वेग तुमचा. तुम्ही थांबलात की तो थांबेल. आणि त्यानं बोलायचं ते सायकलबद्दल नाही. 'ब्रेक लाव', 'उजवीकडे घे', 'घाबरू नको' यातलं काहीही नाही. ऑफिसचं सांगू दे, मुलीचं सांगू दे. शेजारचं माणूस साध्या गप्पा मारत असलं की आपला श्वास आपोआप संथ होतो, आणि श्वास संथ झाला की हँडलवरची मूठही सैल पडते.

तुमच्या शाळेच्या रस्त्यावर एकदा नीट बघा. लहान मूल उजवीकडे, आई किंवा बाबा डावीकडे, आणि समोरून वारा जोराचा असला की मोठ्यांचा उजवा हात मुलाच्या पाठीवर. ते ढकलत नाहीत, नुसता तळवा टेकवलेला असतो. मूल पायडल मारत राहतं. एका हातानं हँडल धरून दुसरा हात असा ठेवणं तुम्हाला आज अशक्य वाटेल. मला वाटतं, तुमच्या मुलीच्या प्रश्नात खरं मागणं हेच आहे. तिला तुमची लाज वाटत नाही. तिला तुम्ही तिच्या डाव्या बाजूला हव्या आहात.

सरावासाठी शाळेचा रस्ता नको आणि गावातला तर मुळीच नको. तुमचं नशीब असं की देशातली सरावाची एक उत्तम जागा तुमच्या दाराशी आहे. माक्सिमापार्कमध्ये 'हेट लिंट' नावाची वाट आहे, लिंट म्हणजे रिबीन. पार्कभोवती सुमारे ८ किलोमीटरचा वळसा, रुंद, गुळगुळीत आणि मोटारी अजिबात नाहीत. रविवारी सकाळी लवकर जा, तेव्हा पळणारी चार माणसं आणि कुत्री फिरवणारी चार, एवढीच गर्दी असते. पहिल्या दिवशी पायडलवर पायही ठेवू नका. सीटवर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागे लोटत सायकल घरंगळू द्यायची, लहान मुलं बिनपायडलच्या सायकलवर करतात तसं. दहा मिनिटांत तोल ओळखीचा वाटायला लागेल, कारण तो गेलेलाच नाही. मग पायडल. मग ब्रेक: ठरवलेल्या झाडापाशी बरोबर थांबायचं, पाय टेकवायचा, पुन्हा निघायचं. हे निघणं-थांबणं खूप वेळा करा. सरळ चालवणं सगळ्यांना येतं, रस्त्यावर माणूस घाबरतं ते निघताना आणि थांबताना.

त्यानंतरची दोन कामं थोडी कठीण. एक, चालवता चालवता मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे पाहायचं आणि तरी सायकल सरळ ठेवायची. आधी नुसती हनुवटी वळवा, मग नजर, मग मान. दोन, एक हात सोडायचा. वळताना ज्या बाजूला वळायचं तो हात बाहेर काढून दाखवणं इथे नियमानं बंधनकारक आहे, आणि मागचा माणूस त्या हातावर विसंबून असतो. आधी हात हँडलवरून फक्त दोन बोटं वर उचला, मग मांडीवर ठेवा, मग बाहेर काढा. याला एक रविवार लागेल किंवा पाच. लागू द्या. लिंटवर कुणी मोजत नाही.

शिकवायला नवराच पाहिजे असंही नाही. इथल्या अनेक शहरांत बाहेरून आलेल्या मोठ्या बायकांसाठी सायकलचे वर्ग चालतात. तुमच्या वस्तीच्या बाउर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजकेंद्रात, 'फीट्सलेस' एवढा एकच शब्द विचारा. तिथे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, तुमच्याच वयाच्या बायका पहिल्यांदा सायकलवर बसताना दिसतील. माझा अनुभव असा की नवऱ्याकडून शिकण्यापेक्षा तिथे लवकर शिकून होतं, आणि मैत्रीही होते.

घंटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या कानांना हॉर्न आणि घंटी म्हणजे 'बाजूला हो' असं ऐकायची सवय आहे, त्यात थोडा राग असतोच. इथे घंटी बहुतेक वेळा फक्त निरोप असतो: मी मागे आहे आणि डावीकडून पुढे जाणार आहे. त्यावर तुम्ही काहीच करायचं नसतं. वळायचं नाही, थांबायचं नाही, मागे पाहायचं नाही. उजव्या कडेला धरून आहे त्या रेषेत चालवत राहायचं. अपघात होतो तो दचकून डावीकडे जाण्यानं किंवा अचानक थांबण्यानं. थांबायचंच असेल तर आधी कडेला घ्या आणि मग थांबा. लिंटवर नवऱ्याला मागून येऊन घंटी वाजवायला सांगा, वीस वेळा, तीस वेळा, तुम्ही सरळ चालवत राहा. हात थरथरणं या एका सरावानं जितकं कमी होतं तितकं समजावून सांगण्यानं होत नाही.

आणि ती धावत आलेली बाई बहुधा 'खाट हेट?' म्हणाली असेल, म्हणजे 'बरी आहेस ना?' कुणी पडलं की इथे लोक हेच विचारतात. बाकीच्या आया बघत होत्या त्या तुम्ही उठताय का ते बघत होत्या. इथली सगळी माणसं कधी ना कधी सायकलवरून पडलेली आहेत, त्यात त्यांना बातमी वाटत नाही. सहा-सात शब्द शिकून त्या बाईला शाळेच्या अंगणात गाठा आणि 'डांक यू वेल' म्हणा. चेहरा आठवत असेलच.

रस्त्यावर उतरण्याआधी नियम थोडेच, पण पक्के हवेत. उजवीकडून चालवणं हा पहिला, आणि तो डोक्यात असला तरी अंगात यायला वेळ लागतो. विशेषतः मोकळ्या रस्त्यावर डावीकडे वळल्यानंतर आपण नकळत डाव्या कडेला जातो. दुसरा, रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण. डच लोक त्यांना शार्कचे दात म्हणतात. दातांची टोकं तुमच्याकडे रोखलेली असली तर थांबून आडव्या रस्त्याला वाट द्यायची. टोकं समोरच्याकडे असली तर तो थांबणार. चौकात दात नाहीत, पाटी नाही, सिग्नल नाही, तर उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लाल डांबराचा रस्ता आणि 'आउटो टे खास्ट' अशी पाटी दिसली तर ती सायकलींची गल्ली, तिथे मोटार पाहुणी आहे. मागे मोटार असली तरी घाबरून कडेला चिकटू नका. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा लागतो, लुकलुकणारा चालत नाही. फोन हातात धरून चालवणं १ जुलै २०१९ पासून बंद आहे. हेल्मेटची साध्या सायकलला सक्ती नाही आणि फारसं कुणी घालतही नाही, पण तुम्ही घाला. मुलीलाही घाला. बाकीचे घालत नाहीत हे कारण पुरेसं नाही. ओढणी असेल तर कमरेला बांधून घ्या. मागच्या चाकावर आच्छादन असलेली सायकल मिळाली तर कपडे आऱ्यांत अडकत नाहीत.

एक कलमही सांगून ठेवते, कारण ते कळल्यावर मला या रस्त्यांवर हक्कानं चालावंसं वाटू लागलं. इथल्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार मोटारीची सायकलस्वाराशी धडक झाली तर नुकसानीचा भार मुख्यतः मोटारवाल्यावर येतो, आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर जवळजवळ पूर्णच. जड वाहनानं हलक्याला सांभाळायचं, असा त्यामागचा विचार आहे.

तुम्हाला वाटत असेल, ही माणसं सायकलवरच जन्माला आली आणि आपण पाहुण्या. तसं नाही. १९७१ साली या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत ४०० हून अधिक लहान मुलं होती. त्या काळात मोटारींसाठी गल्ल्या रुंद केल्या जात होत्या, कालवे बुजवले जात होते. उट्रेख्टच्या स्टेशनजवळ आज तुम्ही जो कातराइनसिंगल कालवा बघता, त्याच्या एका मोठ्या भागावर तेव्हा मोटारींचा रुंद रस्ता होता. तिथे पाणी परत आलं ते २०२० मध्ये. मुलांच्या मृत्यूंनी हादरलेले आईबाप १९७२-७३ च्या सुमारास 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा', या नावाखाली एकत्र आले, रस्ते अडवून बसले. सायकलवाल्यांची संघटना १९७५ मध्ये उभी राहिली. आजचे लाल मार्ग त्या भांडणातून आले आहेत. ते ज्यांच्यासाठी मागितले गेले त्यांत सगळ्यात आधी होती शाळेत जाणारी मुलं आणि त्यांना सोडायला जाणारी माणसं. तुमची मुलगी आणि तुम्ही त्यांत नेमक्या बसता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सायकल की बस. माझं उत्तर असं की बस आजच. कार्ड काढायला थांबायचीही गरज नाही, बँकेचं कार्ड चढताना टॅप करायचं आणि उतरताना पुन्हा टॅप करायचं, दुसरं विसरायचं नाही. तुमच्या पत्रात मला खरी काळजी कशाची वाटली असेल तर ती 'सायकल आली की मग' याची. सात महिने झाले. डचचा वर्ग, लायब्ररी, ओळखीपाळखी हे सगळं तुम्ही एका कुलपामागे ठेवलंत आणि किल्ली त्या काळ्या सायकलच्या हाती दिलीत. या आठवड्यात बस पकडून नेउडेच्या लायब्ररीत जा. जुन्या मुख्य पोस्टाची ती इमारत आहे, २०२० मध्ये लायब्ररी झाली. आत शिरल्यावर पिवळ्या विटांच्या उंच कमानी डोक्यावर येतात आणि खाली माणसं शांत बसून वाचत असतात. नेदरलँड्समधल्या लायब्रऱ्यांत भाषेच्या गप्पांचे कट्टे चालतात, त्यांना 'टालकाफे' म्हणतात. तिथे चूक बोललं तरी कुणी हसत नाही, चूक बोलायलाच सगळे जमलेले असतात. काउंटरवर विचारा, कोणत्या वारी असतं. एकट्या जा. नवऱ्याच्या कॅरिअरवरून नको.

कॅरिअरवर बसून जाणं वाईट नाही, इथे तरुण मुलंमुलीही सर्रास बसतात. पण सहा दिवस दुसऱ्याच्या वेळेनुसार बाहेर पडायचं आणि सातव्या दिवशी त्याच माणसाकडून शिकायचं, यात मन थकतं. तुम्ही भित्र्या झालेल्या नाही, थकलेल्या आहात. घराबाहेर स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला पडायला लागलात की सायकलची घाई आपोआप सुटेल, आणि घाई सुटली की ती येईल. शिकाच, मात्र मुलीच्या शाळेतल्या आयांना दाखवण्यासाठी नको. बसची वाट न बघता मनात आलं की निघता येणं, ही गोष्ट या सपाट देशात फार सुंदर आहे, म्हणून शिका.

हवेबद्दल दोन गोष्टी. चढ नाहीत म्हणून हायसं वाटतं, पण इथला चढ म्हणजे वारा. सरावाला निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतताना वारा पाठीला घ्या, उलट केलंत तर दमलेल्या पायांनी घर गाठणं जिवावर येईल. पावसाचं रडार दाखवणारं बाउएनराडार फोनमध्ये ठेवा. सर किती मिनिटांत येणार आणि कधी थांबणार ते बघून लोक दहा मिनिटं आडोशाला उभे राहतात. छत्री सायकलवर नको, पावसाळी जॅकेट आणि पँट असा जोड घ्या. रस्ता गोठलेला असेल त्या दिवशी सायकल नाही, बस. आणि पूर्ण कुटुंबाचा दायित्व विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, नसेल तर काढा. तो महाग नसतो.

लिंटवर तुम्ही हात सोडून, मागे पाहून, घंटी ऐकून सरळ चालवू लागलात की शाळेचा रस्ता घ्या. शाळेच्या वेळेत नको, रविवारी, रिकामा असताना, मुलीला घेऊन. ज्या चौकात पडलात तिथे आधी दोघी उतरा आणि दात कुणीकडे आहेत ते तिला विचारा. इथल्या शाळांत मुलांना वाहतुकीचे नियम शिकवतात आणि वरच्या वर्गात सायकलची रस्त्यावर परीक्षाही होते, त्यामुळे तिला बरंच माहीत असेल. तिला शिकवू द्या. तिच्या बोलण्यातून तुमचं डचही वाढेल.

गावात सायकलनं जायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही फ्रेडेनबुर्खच्या बाजूनं संध्याकाळी पाचला नको, तो देशातल्या सर्वांत गर्दीच्या सायकलरस्त्यांपैकी आहे. शनिवारी सकाळी नऊला निघा. तुमच्या भागातून कालव्यापलीकडे नेणारा डाफ्ने स्किपर्स पूल घ्या. धावपटू डाफ्ने स्किपर्स उट्रेख्टची, २०१५ आणि २०१७ ची २०० मीटरची जगज्जेती, तिच्या नावाचा हा पूल २०१७ मध्ये सुरू झाला, फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी. चढ लांब आणि अगदी हलका आहे. दम लागला तर उतरून ढकलत चाला, तिथे कुणी घंटी मारणार नाही. पलीकडे उतरताना पुलाची वाट एका शाळेच्या छपरावरून वळते. तिथे वेग वाढू देऊ नका, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत या, पाय मात्र उलटे फिरले तरी आता काही होणार नाही. पुढे लाइडसेवेख धरून पाण्याकाठानं स्टेशनपर्यंत सरळ रस्ता आहे. स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे, पहिले २४ तास फुकट. आत सायकलवरूनच जाता येतं, पण पहिल्या दिवशी उतरून चालत जा आणि रांगेचा नंबर लिहून ठेवा. तिथून नेउडे चालत दहा-बारा मिनिटं.